परेरा डॉक्टर आणि खोटा नॉर्मल

परेरा डॉक्टरांना ‘नॉर्मल’ या शब्दाचा राग होता. डॉक्टरकी करणाऱ्याने असा राग धरून कसं चालेल? माझा आचोळ्याला दवाखाना आहे, साधा ताप-खोकला-जुलाबांचा, आणि ‘काही नाही हो, नॉर्मल आहे’ हे वाक्य मी दिवसभर इतक्यांदा म्हणते की घरी जेवताना नवऱ्यालाही म्हणून बसते. लोक त्यासाठीच येतात. तेवढं ऐकलं की माणसाची पाठ सरळ होते. परेरा डॉक्टर ते वाक्य कुणालाच द्यायचे नाहीत. तपासून झालं की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “आज तरी मला काही दिसलं नाही.” पेशंटचा चेहरा पडायचा. दिसलं नाही म्हणजे मशीन बिघडलंय की डॉक्टरांचे डोळे, अशी शंका घेऊन तो बाहेर यायचा आणि शेजारच्या खोलीत मी दिसले की विचारायचा, “मॅडम, हे डॉक्टर नवीन आहेत का?”

नवीन कसले. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, नालासोपारा पूर्वेला इमारतींमागून इमारती उठत होत्या, आणि त्यातल्याच एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एका शेठने पॉलिक्लिनिक काढलं होतं. संध्याकाळी मी तिथे बसायचे. शेजारच्या खोलीत परेरा डॉक्टर आणि त्यांचं एकोचं मशीन. एको म्हणजे छातीवर जेली लावून केलेली हृदयाची सोनोग्राफी. तोवर त्यासाठी लोकांना मुंबईला जावं लागायचं, त्यामुळे शेठने जिन्यात हृदयाचं एवढं मोठं लाल चित्र लावलं होतं. परेरा डॉक्टर येता-जाता त्या चित्राकडे बघायचे आणि म्हणायचे, “डॉक्टरीणबाई, यात डावं-उजवं उलटं काढलंय.” ते चित्र कुणी बदललं नाही.

ते मूळचे वसईकडच्या गिरीजचे. केळीच्या वाडीतला माणूस. उंच, थोडे वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि हात असे की हे स्टेथोस्कोपपेक्षा कुदळीला सरावलेले असावेत. रविवारी वाडीत राबायचे आणि सोमवारी नखांतली माती घासत बसायचे. पेशंटच्या अंगाला थंड जेली लागू नये म्हणून जेलीची बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवायचे. शेठला तो तांब्या बघवत नसे. “डॉक्टरसाहेब, लोक म्हणतील इथं आंघोळीचीही सोय आहे.” डॉक्टर त्यावर फक्त पाणी बदलून घ्यायचे.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरचं माणूस म्हणजे मोठी बहीण, मोनीबाय. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीने केळीचे घड आणि उन्हात सुकवलेली सुकेळी आगाशीच्या बाजारात नेऊन विकली, धाकट्या दोन भावांना वाढवलं, त्यातल्या एकाला डॉक्टर केलं. दुसरा जुजे, तो वाडी बघायचा. मोनीबाय जुजेच्याच घरी राहायची. डॉक्टर राहायचे माणिकपूरला फ्लॅटमध्ये, पण गिरीजला गेल्याशिवाय त्यांचा आठवडा पुरा होत नसे. “बायने बोलावलंय,” असं कधीही मध्येच म्हणायचे. बायने बोलावलेलं नसायचं, हेच निघायचे.

त्यांचं सगळं वेड एका गोष्टीचं होतं. हृदय आवळतं आणि सुटतं. आवळलं की रक्त बाहेर फेकतं, सैल पडलं की पुन्हा भरून घेतं. जगातले सगळे डॉक्टर आवळणं बघतात, मीही तेच शिकले होते. परेरा डॉक्टर सुटणं बघायचे. मशीनच्या पडद्यावर प्रत्येक ठोक्याला दोन टेकाडं उमटतात. हृदय आपणहून सैल पडून रक्त आत घेतं तेव्हाचं पहिलं, आणि वरचा कप्पा उरलंसुरलं रक्त खाली ढकलतो तेव्हाचं दुसरं. निरोगी माणसात पहिलं उंच, दुसरं बुटकं. हृदय ताठरायला लागलं की उलटं होतं, पहिलं बसतं आणि दुसरं वर येतं. हे टेकाडांचं प्रकरण बघत ते इतका वेळ लावायचे की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून माझ्याकडे सर्दीचं औषध घेऊन जायची.

“आवळायला काय, मरायला टेकलेलं हृदयही आवळतं,” ते मला सांगायचे. “सुटता येतं का ते बघा.”

पण लोकांना ‘पंपिंग’ हवं असायचं. रिपोर्टवर पंपिंगचा आकडा टक्क्यांत येतो आणि चांगल्या हृदयाचाही तो साठ-पासष्टच्या आसपास असतो, कारण हृदय भरलेलं सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. आता आपल्याकडे टक्के म्हटलं की माणसाला एकच गोष्ट आठवते. आचोळ्याचे एक निवृत्त हेडक्लार्क साठ टक्के बघून पेढे घेऊन आले. “फर्स्ट क्लास, डॉक्टर. मॅट्रिकला हुकला होता.” त्यांच्याच मजल्यावरच्या बाई मात्र रिपोर्ट घेऊन माझ्या खोलीत रडत बसल्या. त्यांनाही साठच होते, पण त्यांच्या जावेला अडुसष्ट मिळाले होते. मी समजूत घालता घालता हसून घेतलं. परेरा डॉक्टरांना हसू आलं नाही. त्या हेडक्लार्कना जिना चढताना धाप लागायची, पाय सुजायचे, आणि त्यांची टेकाडं पार उलटली होती. “ह्या माणसाचं हृदय सुटत नाहीये,” डॉक्टर पेढा हातात तसाच धरून म्हणाले, “आणि हा फर्स्ट क्लास घेऊन चाललाय.” त्यांनी हेडक्लार्कना परत बोलावलं, मीठ कमी करा, प्रेशरची गोळी चुकवू नका, असं बजावलं. हेडक्लार्क नाराज झाले. पुढच्या वेळी ते दुसरीकडे गेले.

इंग्रजीतलं लोकांना कळत नाही म्हणून मग डॉक्टरांनी रिपोर्टच्या खाली मराठीतून दोन ओळी लिहायला सुरुवात केली. मला ती कल्पना फार आवडली होती. पहिल्याच आठवड्यात एका सासूबाईंच्या रिपोर्टवर त्यांनी लिहिलं, ‘हृदय ताठर झाले आहे. सहज सैल पडत नाही.’ सून शिकलेली. तिने घरी सगळ्यांसमोर ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर म्हणाली, “मी इतकी वर्षं हेच सांगत होते, आता मशीननेच लिहून दिलं.” दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे चिरंजीव रिपोर्ट नाचवत क्लिनिकमध्ये हजर. “तुम्हाला माझ्या आईचा स्वभाव तपासायला कोणी सांगितलं होतं?” शेठ धावत आला. परेरा डॉक्टर शांतपणे त्या मुलाला हृदय, ताठरपणा, प्रेशर समजावून सांगायला लागले. मुलगा ऐकेना. शेवटी शेठने त्या दोन ओळींवर पांढरी शाई लावली. नंतर मराठी बंद झालं. त्या दिवशी माझी हसून हसून पुरेवाट झाली होती. आज आठवलं की वाईट वाटतं, कारण ती सासूबाई पुढे त्याच दुखण्याने गेली, आणि त्या घरात तिच्या आजाराचं नाव शेवटपर्यंत ‘स्वभाव’ एवढंच राहिलं.

शेठचं म्हणणं सरळ होतं. पंपिंग लिहा, झडपा लिहा, पेशंट मोकळा करा. बाकी कोण वाचतं? पाठवणारे डॉक्टरही कंटाळले होते. त्यांना पानभर मजकूर नको होता. मीही पाठवणाऱ्यांपैकीच, पण भिंत एकच असल्यामुळे मला सुटका नव्हती. चहा घेऊन ते आले की दारातच टेकाडांचं सुरू करायचे.

त्यांनी मला सगळ्यात घोटून शिकवलं ते खोट्या नॉर्मलबद्दल. पुस्तकात त्याला मोठं इंग्रजी नाव आहे, ते म्हणायचे ‘खोटा नॉर्मल’. हृदय आणखी ताठरलं की मागे फुफ्फुसाकडे रक्त तुंबायला लागतं. तुंबलेलं रक्त मागून रेटा देतं आणि झडप उघडली की जोरात आत घुसतं. त्यामुळे पहिलं टेकाड पुन्हा उंच होतं, दुसरं पुन्हा बुटकं. पडद्यावर चित्र हुबेहूब निरोगी माणसाचं. आजार वाढलेला असतो आणि रिपोर्ट सुधारलेला.

“केळीच्या आळ्यात पाणी सोडतो ना आम्ही,” त्यांनी मला सांगितलं होतं, “जमीन भुसभुशीत असली की पाणी आपसूक शिरतं. कडक झाली की हळूहळू शिरतं, ते लगेच कळतं. पण फार कडक झाली की पाटात पाणी तुंबतं, आणि तुंबलेलं पाणी बांध फोडून धो धो येतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय झकास पाणी चाललंय.”

“मग ओळखायचं कसं?”

“पेशंटला नाक धरायला सांगायचं, तोंड मिटायचं, आणि कुंथल्यासारखा जोर लावायला सांगायचा. छातीत येणारं रक्त क्षणभर कमी होतं. मागचा रेटा गेला की खरं रूप दिसतं. टेकाडं लगेच उलटी होतात.”

तेवढ्यासाठी ते प्रत्येक पेशंटला कुंथायला लावायचे. अर्नाळ्याची एक कोळीण त्यांना म्हणाली होती, “डॉक्टर, छाती दाखवाया आलू ना मी? पोट साफ कराचं मी घरीच बगते.” बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दार बंद असलं तरी ‘जोर लावा, अजून लावा’ हे बाहेर ऐकू यायचं, आणि नव्या माणसाला आत बाळंतपण चाललंय असंच वाटायचं.

मोनीबायला प्रेशर होतं. डॉक्टरांनी स्वतः तिचा एको केला, टेकाडं उलटी निघाली, म्हणजे ताठरपणाची सुरुवात. त्यांनी तिला गोळ्या लावल्या आणि घरातलं सुकं बोंबील बंद केलं. बोंबील बंद केल्याचा राग तिने कधी सोडला नाही, पण गोळ्या घ्यायची. मी तिला दोन-तीनदा भेटले होते. ठेंगणी, काळीसावळी, कानात जड सोनं, आणि बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावायची सवय. भावाबद्दल मला म्हणाली, “आमचा पास्कू चांगला हाय, पन हसत नाय. तू त्याला हसव.” मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही.

दोन-अडीच वर्षांनी वसईत कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला हृदयतपासणीचं फुकट शिबिर भरलं. मंडप, खुर्च्या, भाड्याने आणलेली मशीनं, आणि भराभर पुढे सरकणारी रांग. जुजे बहिणीला तिथे घेऊन गेला. डॉक्टर भावाला विचारायचं कशाला, फुकट तर आहे. तिथल्या मुलाने मशीनचा प्रोब छातीला टेकवला, टेकाडं बघितली, लिहून टाकलं. पंपिंग पासष्ट टक्के. नॉर्मल.

मोनीबायने त्याआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरली होती. रिपोर्ट हातात पडला आणि घरात सण झाला. पहिल्या रिपोर्टात बिघाड, दुसऱ्यात काही नाही. म्हणजे बरी झाली. कुणी बरं केलं हे तिला विचारायची गरजच नव्हती. तिने देवाचे उपकार मानायला चर्चमध्ये मिस्सा ठेवला, गावजेवण घातलं. मलाही आमंत्रण होतं. गिरीजच्या त्या अंगणात मी पानावर बसले, समोर मोनीबाय वाढत होती, आणि वाढताना मध्येच थांबून खांबाला हात टेकत होती. मी परेरा डॉक्टरांकडे बघितलं. ते जेवत नव्हते, तिचा खांबावरचा हात बघत होते.

जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला. गोळ्या तिने सोडल्या होत्या. नवस फेडल्यावर गोळी घेणं म्हणजे दिलेल्या कृपेवर अविश्वास दाखवणं, असं तिचं पक्कं होतं. डॉक्टर पाटाचं, आळ्याचं, तुंबलेल्या पाण्याचं सगळं सांगायला लागले. जुजे सबंध आयुष्य वाडीत पाणी लावत आला होता, त्याच्याइतकं हे कुणाला कळणार? पण तो ऐकून घेईना.

“म्हनजे वाईट रिपोर्ट आला तरी आजारी, आनी चांगला आला तरी आजारी?” तो म्हणाला. “मग बरा रिपोर्ट कंचा तुझा?”

“जुजे, तिला दम लागतोय. बघ तिच्याकडे.”

“वय झालं तिचं. तुला तिचं बरं झालेलं बघवत नाय, पास्कू. तू केलं नाय ना बरं, म्हनून.”

हे शेवटचं वाक्य डॉक्टरांना कुठे लागलं असेल ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. अंगणात पाहुणे होते. डॉक्टर उठले आणि विहिरीकडे गेले.

तरी त्यांनी सोडलं नाही. आठवडाभर बहिणीच्या मागे लागून, विनवून, एकदाच ये, मग कधी सांगणार नाही, असं म्हणून तिला नालासोपाऱ्याला आणलं. जुजे सोबत होता. डॉक्टरांनी मलाही खोलीत बोलावलं. बहुधा त्यांना साक्षीदार हवा होता. मोनीबाय डाव्या कुशीवर झोपली. जेली कोमट होती, तिने तेवढ्यासाठी भावाचं कौतुक केलं. पडद्यावर टेकाडं आली. पहिलं उंच, दुसरं बुटकं. एखाद्या तरण्या पोरीचं असावं इतकं नीट.

“बघ,” जुजे म्हणाला. “मना काय कळत नाय, तरी कळतं.”

“थांब. बाय, नाक धर. तोंड मीट. पोटातून जोर लाव.”

तिला हसू फुटलं. दोनदा हसली, तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, “बाय, माझ्यासाठी लाव.” मग तिने डोळे मिटून, गाल फुगवून जोर लावला. आणि आमच्या डोळ्यांसमोर पहिलं टेकाड बसत गेलं, दुसरं वर आलं. अगदी पुस्तकातल्यासारखं उलटलं. डॉक्टरांनी चित्र थांबवलं. मी त्यांना इतकं आनंदात आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते दृश्य आठवलं की मला अजूनही कसंसं होतं. माणसाच्या सख्ख्या बहिणीचं दुखणं पडद्यावर उमटलं होतं आणि तो पोरासारखा बोट दाखवत होता. “बघ जुजे, बघ. हे खरं. ते खोटं होतं.”

जुजेने पडद्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. ती लालबुंद होऊन धापा टाकत होती.

“तू तिला गुदमरवलंस म्हनून बिघडलं,” तो म्हणाला. “गपगुमान पडली होती तवा बरोबर होतं.”

डॉक्टरांचं बोट पडद्यावरच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. जुजेचं चुकीचं होतं, शंभर टक्के चुकीचं होतं, पण जो कधी हे शिकलेला नाही त्याला त्याहून वेगळं काय दिसणार? आम्ही चांगल्या चित्राचं त्याच्या समोर वाईट चित्र केलं होतं.

मोनीबाय उठून बसली, छातीवरची जेली पुसली. भावाच्या दंडाला हात लावून म्हणाली, “पास्कू, मी चांगली हाय. तू दाबून दाबून माझा आजार काढतो. असं नको करू.” ती रागावली नव्हती, आणि तेच वाईट होतं. रागावली असती तर भांडता आलं असतं.

गोळ्या तिने घेतल्या नाहीत. डॉक्टर गिरीजला जात राहिले. मीठ, गोळी, लघवीची गोळी, कधी रागाने, कधी हात जोडून. मग जुजेच्या घरात ते आले की जुजे वाडीत निघून जायला लागला. मला कधीकधी सांगायचे, “काल बायच्या पायावर बोट दाबलं, खळगा पडला.” एवढंच. म्हणजे पायात पाणी साठायला लागलं होतं.

त्यानंतरचा उन्हाळा. सकाळी मोनीबायला श्वास पुरेना. झोपलं की जीव जायचा, बसलं की थोडं बरं. जुजेने रिक्षा आणली आणि जवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथे ड्युटीवर असलेल्या डॉक्टरने विचारलं, हृदयाचं काही? जुजेने शिबिराचा रिपोर्ट पुढे केला. तो त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, येताना आठवणीने घेतला होता. नॉर्मल, पंपिंग पासष्ट. मग हृदय नाही, छातीत कफ झालाय, न्यूमोनिया असेल, असं ठरलं. अशक्तपणा होता म्हणून सलाईन लावलं. त्या पोरसवदा डॉक्टरला मी दोष देत नाही. मीही कदाचित तेच केलं असतं. कागद चांगला असला की आपण माणसाकडे कमी बघतो.

ज्या छातीत आधीच पाणी भरलेलं, तिच्यात बाटलीतून आणखी पाणी जात राहिलं. परेरा डॉक्टरांना निरोप मिळाला तेव्हा ते क्लिनिकमध्ये होते. मी त्यांच्याबरोबर गेले. खोलीत शिरताच त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, सरळ जाऊन सलाईनची चकती फिरवून बंद केली, इंजेक्शन मागवलं, तिला उशीला टेकवून बसवलं. ती त्यांच्याकडे बघत होती. बोलता येत नव्हतं. ओठांवर फेस होता. हात उचलून त्यांच्या दंडाला लावायचा तिचा प्रयत्न चालला होता आणि नळ्यांमुळे तो पोचत नव्हता. दुपारी ती गेली.

गोळ्या घेतल्या असत्या तर जगली असती, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. या दुखण्यावर आमच्याकडे फार औषध नव्हतंच. पण इतकी बुडून गेली नसती. एवढं मी आजही म्हणते.

मयताला सगळं गाव होतं. जुजे येणाऱ्या प्रत्येकाला रडत सांगत होता, “गेल्या साली रिपोर्ट नॉर्मल होता तिचा. काय नव्हतं तिला. देवाने नेली.” लोक मान हलवत होते. नॉर्मल रिपोर्टवालं माणूस गेलं म्हणजे देवानेच नेलं असणार. परेरा डॉक्टर त्याच्या शेजारीच उभे होते, हात एकमेकांत गुंतवून. मला वाटलं, आता बोलतील. मला तर वाटत होतं त्यांनी बोलावं, तिथे, सगळ्यांसमोर, तो कागद फाडावा. एक म्हातारा त्यांना म्हणाला, “तू डॉक्टर असून तुला पन नाय कळलं ना?” ते म्हणाले, “नाही कळलं.”

पुढे ते कामावर आले, पण माणूस पार बदलला. त्यांच्या खोलीसमोरची रांग भराभर हलायला लागली. आतून जोर लावायचा आवाज येईना. रिपोर्ट चार ओळींचे झाले, शेठ खूश, पाठवणारे डॉक्टर खूश, पेशंट तर फारच खूश. बाहेर येणारे लोक मला म्हणायला लागले, “किती चांगले डॉक्टर आहेत, लगेच नॉर्मल सांगितलं.” मला ऐकवायचं नाही.

एकदा मी त्यांच्याकडे दम लागणाऱ्या एका बाईला पाठवलं. पाय सुजलेले, प्रेशर वर, सगळी लक्षणं मोनीबायचीच. रिपोर्ट आला नॉर्मल. मी कागद घेऊन आत गेले.

“सर, जोर लावायला सांगितलंत?”

“नाही.”

“का नाही?”

ते प्रोबवरची जेली पुसत होते. “ती आनंदात घरी गेली,” म्हणाले. “मी काढून दाखवलं असतं तर काय झालं असतं?”

“औषध झालं असतं.”

“घेतलं असतं?”

मी त्या बाईला स्वतःच गोळ्या लिहून दिल्या. तिने माझ्यासमोर तो नॉर्मल रिपोर्ट उलगडला आणि म्हणाली, “मग या कशाला?” मी तिला पाट सांगितला, आळं सांगितलं, तुंबलेलं पाणी सांगितलं. ती मुंबईत वाढलेली, तिने केळीचं आळं कधी बघितलं नव्हतं. गोळ्या घेतल्या की नाही मला माहीत नाही. ती परत आली नाही.

वर्षभरात परेरा डॉक्टरांनी खोली सोडली. शेठने निरोपाचा हार आणला होता, तो घालून घेतला आणि जिन्याने खाली गेले. त्या जागी नवा मुलगा आला. त्याच्या मशीनमध्ये हृदयाच्या भिंतीचाच वेग मोजायची सोय होती. त्यामुळे खोटा नॉर्मल पकडायला आता पेशंटला कुंथवावं लागत नाही, एक बटण दाबलं की कळतं. मी त्या मुलाला विचारलं, बटण दाबतोस का? तो म्हणाला, “मॅडम, वेळ कुठे असतो.”

शेवटचे मला ते दिसले आगाशीला. मी एका नातेवाइकांकडे आले होते, परतताना बाजारात बसची वाट बघत होते. ते समोरून आले. अंगाने भरल्यासारखे दिसत होते. नीट बघितल्यावर कळलं की ती सूज होती. पायात चपलांचे पट्टे सैल केलेले, घोट्यांच्या वर काढलेल्या मोज्याचा वळ रुतलेला. माझी चौकशी केली, मुलांची केली. मी जुजेचं विचारलं. “बरा आहे. वाडी विकायचं म्हणतो,” ते म्हणाले. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायला थांबले. मी डॉक्टर आहे, मला ते न ऐकल्यासारखं करता येईना.

“सर, गोळ्या चालू आहेत ना?”

त्यांनी बाजाराकडे बघितलं. कुणीतरी केळ्यांच्या भावावरून घासाघीस करत होतं.

“सर, तुमचा एको कधी केलात?”

त्यांची बस आली. ते दांडा धरून पायरीवर चढले आणि तिथेच थांबले, मान खाली घालून, खांदे वर-खाली होत. मागचे लोक खोळंबले. कंडक्टर म्हणाला, “चला हो काका, वर या.” त्यांनी हात करून जरा थांब असं सांगितलं. मी खालून पुन्हा विचारलं. मोठ्याने विचारलं, लोक बघायला लागले तरी.

“केला ना,” ते म्हणाले. “मागच्या महिन्यात. इथे शिबिर होतं.”

“मग?”

माझ्याकडे वळून ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

“नॉर्मल आहे, डॉक्टरीणबाई.”

कंडक्टरने घंटा ओढली. मी बसच्या बाजूने थोडं चालत गेले, खिडकीत ते दिसतात का बघत. गर्दी होती, दिसले नाहीत. मग माझी बस आली आणि मी घरी गेले.